पोट दुखायचं थांबलं आणि एंडोस्कोपी ठरली

पहिल्यांदा एंडोस्कोपी हवी होती ती मला. डॉक्टर नको म्हणत होते.

लेक तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिचं पोट दुखायचं. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक सकाळी शाळेच्या आधी. पण सुट्टीतही दुखायचं, त्यामुळे ‘नाटक करतेय’ म्हणून सोडून द्यायची सोय नव्हती. सोनोग्राफी झाली, लघवी आणि शौचाची तपासणी झाली, जंताचं औषध दोनदा देऊन झालं. शेवटी लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो, ते मी मनाशी ठरवूनच. “एकदा दुर्बीण घालून आत बघूनच टाका,” मी म्हणाले. बघितलं की प्रश्न मिटला, असा माझा सरळ हिशेब.

त्यांनी आधी लेकीला विचारलं, “कुठे दुखतं बाळा? एका बोटाने दाखव.” तिने बोट बाजूलाच ठेवलं आणि आख्खा तळवा बेंबीवर टेकवला. मग माझ्याकडे वळून प्रश्न सुरू झाले. रात्री झोपेतून दुखून उठते का? उलटी हिरवी किंवा रक्ताची होते का? शीतून रक्त जातं का, शी डांबरासारखी काळी होते का? घास गिळताना अडकतो का? सारखा ताप, सांधेदुखी, तोंड येणं? वजन घटलंय? घरात कोणाला आतड्याचा आजार? मी एकेकाला नाही म्हणत गेले, आणि प्रत्येक ‘नाही’बरोबर आपली बाजू लंगडी पडतेय असं मला वाटत होतं. तपासणी म्हणजे जणू मी लढवत असलेला दावाच! मग उंची झाली, वजन झालं, तक्त्यावर दोन टिंबं पडली. “दुर्बिणीची गरज नाही,” ते म्हणाले.

मला राग आला होता, लपवत नाही. ते शांतपणे सांगत होते. जॉन अ‍ॅप्ली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५८ मध्ये एका सहकाऱ्यासोबत शाळेतल्या १,००० मुलांचा अभ्यास केला होता. त्यांतल्या साधारण दहांतल्या एकाला असं येऊन-जाऊन पोट दुखायचं, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या पोटात दाखवता येईल असा आजार सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितकी काळजी जास्त, हा ठोकताळाही त्यांचाच. “दुखणं खरं आहे तिचं. आतड्याच्या नसा जरा जास्तच हळव्या असतात काही मुलांच्या. पण हळवेपणा कॅमेऱ्यात दिसत नाही. दुर्बीण घातली, सगळं गुलाबी दिसलं, तरी सोमवारी सकाळी पोट दुखणारच. आणि त्यासाठी तिला भूल द्यायची?”

मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, डॉक्टर बदलू या. तो नुसता “बघू” म्हणाला. त्याच्या ‘बघू’मुळे आमच्या घरातले अर्धे चुकीचे निर्णय टळले आहेत.

पुढच्या वर्षभरात दुखणं हळूहळू कमी झालं. झोपेच्या वेळा, शाळेतली एक धाकाची बाई बदलून जाणं, वय, काय लागू पडलं कोण जाणे. मी ते प्रकरण मनातल्या मनात बंद करून टाकलं. मग एक दिवस तिच्या खेळाच्या सरांनी विचारलं, ही दोन चकरांत बसते का हो खाली? रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.७. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तर तळाला. मला विशेष धक्का बसला नाही. माझंही हिमोग्लोबिन कायम कमीच, लग्नाआधीपासून गोळ्या खातेय; पोरगी आईवर गेली म्हणायचं. तीन महिने लोहाचं औषध दिलं. एक दिवस चुकवला नाही. त्या औषधाने शी काळी होते, तशी झाली, म्हणजे औषध पोटात जात होतं याचा रोजचा पुरावाच. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.९.

परत त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी तिला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं. या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. ही ३ वाढली होती. तक्त्यावरची तिची रेघ गेल्या वर्षीपर्यंत मधोमध चालली होती. आताचं टिंब त्या रेघेच्या खाली घसरलं होतं. कपडे दुसऱ्या वर्षीही बसतायत म्हणून मी खूश होते, ते आठवलं आणि पोटात कसंसंच झालं.

“आता मात्र दुर्बीण घालावी लागेल असं दिसतंय,” ते म्हणाले.

आणि मी, दुर्बिणीसाठी डॉक्टर बदलायला निघालेली मी, म्हणाले, “पण आता तर तिचं पोट दुखतही नाही!”

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही. गेल्या वर्षी दुखत होतं पण बाकी सगळं जागेवर होतं. आता दुखणं नव्हतं, पण दोन गोष्टींचा हिशेब लागत नव्हता: उंची थबकली होती आणि लोह पोटात जाऊन रक्तात येत नव्हतं. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात, जठराच्या लगेच पुढे, ज्याला ड्युओडेनम म्हणतात. औषध पोचत होतं. तिथे उतरवून घेणारं कोणी नव्हतं, अशी शंका होती.

दुर्बिणीआधी रक्ताची एक तपासणी झाली, सिलियाक आजाराची. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे काही जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, तो हा आजार. टीटीजी-आयजीए नावाचं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, मोजतात. सोबत आयजीए जातीच्या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाणही बघतात, कारण तेच मुळात कमी असेल तर पहिला आकडा फसवू शकतो. लेकीचा आकडा वरच्या मर्यादेच्या चौपट आला. तो दहापट किंवा त्याहून जास्त असता आणि दुसऱ्या नमुन्यात दुसरं एक प्रतिपिंडही सापडलं असतं, तर २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार दुर्बिणीशिवायही निदान पक्कं करता आलं असतं. चौपट म्हणजे मधलीच गत. आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय जन्मभराचं पथ्य सांगणं बरोबर नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. ‘जन्मभराचं’ या शब्दावर मी गप्प झाले.

इथे माझ्याकडून घोडचूक झाली. रक्ताचा रिपोर्ट शुक्रवारी आला आणि शनिवारी मी घरातला गहू उचलून वरच्या फळीवर ठेवला. कशाला उगाच पोरीच्या आतड्याला आणखी त्रास? तीन आठवडे तिला गव्हाचा कण दिला नाही. दुर्बिणीच्या चार दिवस आधी भूलतपासणी होती. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, खाणंपिणं काय असतं? मी अभिमानाने सांगितलं, गहू पूर्ण बंद केलाय. त्यांचं पेन थांबलं. फोन झाला. दुर्बीण पुढे ढकलली.

कारण ऐकल्यावर वाटलं, हे मला कसं सुचलं नाही. गहू बंद केला की आतडं सुधारायला लागतं, प्रतिपिंडं उतरायला लागतात. मग तुकड्यात काही दिसलं नाही तर आजार नव्हताच की पथ्याने झाकला गेला, हे कोणी सांगायचं? तपासणी होईपर्यंत ग्लूटेन चालूच ठेवायचं असतं. डॉक्टर पहिल्या दिवशी बोललेही असतील. ‘जन्मभराचं’ या शब्दानंतर मी काही ऐकलं नव्हतं. आता निदान सहा आठवडे रोज गहू. ज्याने पोरीचं नुकसान होतंय असा संशय आहे, तेच तिला आपल्या हाताने वाढायचे सहा आठवडे. लेक मात्र मजेत होती.

तिला काय आणि किती सांगायचं यावर आम्हा नवरा-बायकोत दोन मतं होती. मी ‘फोटो काढणार’ एवढ्यावर भागवू पाहत होते. त्याने तिला सगळं सांगितलं: करंगळीएवढी जाड, वाकणारी नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा, तोंडातून पोटात. तिचा पहिला प्रश्न, “मग मी श्वास कुठून घेऊ?” श्वासाची वाट वेगळी असते, आणि भूलवाल्या डॉक्टर फक्त त्याच वाटेवर लक्ष ठेवून बसलेल्या असतात, हे तिला पटलं. मग त्याने तिला कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरची गोष्ट सांगितली. जिवंत माणसाच्या जठरात सरळ नळीतून डोकावायचं म्हणून त्याने १८६८ मध्ये चक्क तलवार गिळणाऱ्या खेळवाल्याला गाठलं, कारण मान मागे टाकून असलं काही घशाखाली न्यायचा सराव दुसऱ्या कोणाला असणार? वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण यायला १९५७ उजाडलं. ही गोष्ट तिने शाळेत इतक्या जणांना सांगितली की तिच्या वर्गशिक्षिकेचा मला फोन आला.

मुलांना ही तपासणी बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन किंवा गाढ झोपेचं औषध देऊनच करतात. मोठी माणसं घशात बधिर करणारा फवारा मारून, जागेपणीही ती करून घेऊ शकतात. नऊ वर्षांच्या मुलीला ‘हलू नकोस, ओकारी आवर’ सांगून चालत नाही. भूल आली म्हणजे उपास आला: सहा तास आधी खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पोट भरलेलं असेल तर भुलेत अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ही शिस्त.

त्या दिवशी आमचा नंबर दुसरा होता. पहाटे उठवून तिला दोन घोट पाणी पाजलं. सात वाजता आम्ही तिथे. हाताच्या मागे बधिर करणारं मलम लावलं, तासभर थांबून सुई टोचली, तिला कळलीही नाही. सगळं वेळेवर चाललेलं असताना दार धाडकन उघडलं आणि एक बाई दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन धावत आत गेल्या. पाठोपाठ नर्स बाहेर येऊन म्हणाली, तुम्हाला थांबावं लागेल, तातडीची केस आहे.

बटण-सेल. रिमोटमधला, नाण्यासारखा. अन्ननलिकेत अडकलेला. एक्स-रेमध्ये नाणं आणि सेल सारखेच गोल दिसतात, पण सेलला कडेने दुहेरी कडं दिसतं. मला वाटायचं, सेल फुटून आतलं काहीतरी गळत असेल. तसं व्हायची गरजच नसते. ओल्या अन्ननलिकेत तो सेल वीज वाहू देतो, आणि त्याच्या ऋण बाजूला लागलेल्या जागी तीव्र क्षार तयार होतो; दोन तासांतही खोलवर भाजू शकतं. म्हणून बाकी सगळे नंबर थांबतात. आम्ही दीड तास थांबलो. मी एकदाही घड्याळाकडे वैतागून पाहिलं नाही, आणि हे मी माझ्या स्वभावाच्या विरुद्ध सांगतेय.

त्या दीड तासात मला कळलं की ‘दुर्बीण’ हा एकच शब्द प्रत्येक घरासाठी वेगळा असतो. शेजारी बसलेल्या आजी सहा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिने पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं साफसफाईचं द्रावण प्यायलं होतं. जखम भरताना अन्ननलिका आकसली, घास उतरेना. आता ठरावीक आठवड्यांनी दुर्बिणीतून फुगा घालून ती वाट रुंद करतात. “कितवी वेळ?” मी विचारलं. आजींनी मोजणं सोडलं होतं. नात मात्र सराईतासारखी बसली होती. कुठल्या नर्सला सुई चांगली जमते हे तिने माझ्या लेकीला हळूच सांगून ठेवलं.

पलीकडचा चार वर्षांचा मुलगा खालच्या दुर्बिणीसाठी, म्हणजे कोलोनोस्कोपीसाठी आला होता. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिऊन सगळं घर दमलं होतं. त्याला काहीही दुखत नव्हतं, फक्त शीसोबत ताजं लाल रक्त पडायचं. या वयात असं दुखण्याशिवाय रक्त पडायचं एक नेहमीचं कारण म्हणजे मोठ्या आतड्यातली एखादी पॉलिप, देठावरच्या फळासारखी गाठ, आणि ती बहुतेकदा निरुपद्रवी असते. तारेचा फास टाकून त्याच बैठकीत काढून टाकतात. त्याच्या वडिलांना ते सगळं माहीत होतं. तरी ते सतत उठून पाणी पीत होते.

आणि एक उंच, मिसरूड फुटलेला मुलगा आईशी न बोलता बसला होता. तो म्हणे जेवायला तासभर लावायचा, घासागणिक पाणी प्यायचा. घरच्यांनी वर्षानुवर्षं त्याला चोखंदळ म्हणून रागावून घेतलं. मग एक दिवस घास अडकला तो अडकलाच. दुर्बिणीने काढला, आणि तेव्हा घेतलेल्या तुकड्यांत अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पेशींची गर्दी सापडली. अ‍ॅलर्जीच्या जातीचा आजार. औषध लागू पडतंय का हे नुसत्या तब्येतीवरून कळत नाही, म्हणून तो पुन्हा आला होता. त्याची आई बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, “मी त्याला ताटावरून उठू द्यायची नाही हो.” मी माझ्या पिशवीतली कपड्यांची घडी नीट करत बसले. दुसऱ्या वर्षीही बसणाऱ्या कपड्यांविषयी मी कोणाला बोलले नाही.

बटण-सेलवालं बाळ बाहेर आलं ते आम्हाला दिसलं नाही. सेल निघाला, पण काही दिवस भरती ठेवणार, एवढं कानावर आलं.

मग आमचा नंबर. भूलतज्ज्ञ बाईंनी लेकीला विचारलं, “दात हलतोय का कुठला?” नळी चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये प्लास्टिकचं भोकाचं बूच बसवतात, हलणारा दात भुलेत निखळून घशात जाऊ नये म्हणून आधी विचारतात. वरचा एक हलत होता. लेकीचा सगळा जीव त्या दातापाशी. “पडला तर मला द्या हं,” तिने तिघांना बजावलं. मला ती झोपेपर्यंत सोबत राहू दिलं. सुईतून दुधासारखं पांढरं औषध गेलं. ती वर्गातलं काहीतरी सांगत होती, वाक्य अर्धं राहिलं, आणि माझ्या हातातला तिचा हात जड झाला. झोपलेल्या मुलीचा हात मी नऊ वर्षं उचलतेय. हा तसा नव्हता. “आता तुम्ही बाहेर बसा,” कोणीतरी म्हणालं आणि मी निघाले.

संमतीपत्रावर सही करताना वाचलं होतं: रक्तस्राव, आतड्याला छिद्र, भुलेचे धोके; सगळे विरळ, पण लिहिलेले. बाहेर बसल्यावर ‘विरळ’ या शब्दाचा उपयोग होत नाही. वीस मिनिटांनी डॉक्टर स्वतः आले.

फोटोत मला तर सगळं सारखंच दिसलं, ओलं आणि गुलाबी. त्यांनी ड्युओडेनमच्या घड्यांच्या कडा दाखवल्या. सरळ असायला हव्यात त्या बारीक करवतीसारख्या कातरलेल्या होत्या. पण डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो, कारण आजार ठिपक्याठिपक्यांनीही असू शकतो. म्हणून चार तुकडे पुढच्या भागातून, दोन अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून, शिवाय जठर आणि अन्ननलिकेतूनही घेतले होते. तुकडा म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. त्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, हे ऐकून माझा श्वास जरा खाली बसला.

शुद्धीवर येताना ती रडली, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. मग जिभेने दात चाचपला. जागेवर होता. घसा दिवसभर खवखवला, पोटात सोडलेल्या हवेचे ढेकर आले, त्याचं तिला कोण कौतुक! घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं: पोट जोरात दुखलं, ताप आला, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर तडक परत या. लोहाचं औषध बंदच होतं, त्यामुळे या वेळी काळ्या रंगाला दुसरं निमित्त नव्हतं. यातलं काही झालं नाही. दात दोन दिवसांनी भांडताना पडला.

आठवड्याने रिपोर्ट आला: मार्श ३. आतड्याची झीज किती, ते सांगणाऱ्या मोजपट्टीवरची ही पायरी. निरोगी आतड्याच्या आतून टॉवेलच्या लोकरीसारखे अगदी बारीक उंचवटे असतात, तेच अन्न शोषतात. तिच्या तुकड्यांत ते झिजून जवळजवळ सपाट झाले होते. सिलियाक. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळलं तर मुलांचं अस्तर छान भरून येतं. गव्हाचा संबंध कसा लागला, हेही त्यांनीच सांगितलं. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धाच्या उपासमारीत नेदरलँड्समध्ये धान्य मिळेना, तेव्हा सगळी मुलं खंगत असताना त्याचे हे रुग्ण सुधारले. मिळू लागल्यावर पुन्हा बिघडले. मला माझी वरची फळी आठवली. माझी घाई चुकीची होती, पण संशयित बरोबर होता.

गेल्या महिन्यात तिची उंची मोजली: सहा महिन्यांत ४ सेंटिमीटर. हिमोग्लोबिन ११.८. पथ्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ती वेगळीच लढाई आहे आणि अजून चालू आहे.

निदानानंतरच्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सांगितलं होतं की आईवडील आणि भावंडं यांचीही रक्ततपासणी करा. जवळच्या नात्यात साधारण दहांत एकाला हा आजार निघू शकतो. नवऱ्याची ठीक आली. माझी नाही. कायमच्या कमी हिमोग्लोबिनला, लग्नाआधीपासूनच्या त्या गोळ्यांना बहुधा तेच कारण. मोठ्यांच्या पोटविकारतज्ज्ञांनी रिपोर्ट बघून सांगितलं, दुर्बीण घालू, तुकडे घेऊ.

मी त्यांना म्हणाले, तशी मला काही तक्रार नाही, जरा परीक्षा होऊ देत मुलीच्या. तारीख न घेताच घरी आले. लेकीने हातातला कागद ओढून घेतला आणि वाचला. तिने काळजी केली नाही, की मला जवळ घेतलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन वरच्या फळीकडे बघितलं.

“आई, तू गहू सोडला नाहीयेस ना अजून?”